जावयाचं भात

जावयाला देव मानायची आमच्याकडे पद्धत होती आणि देवाला जाब विचारायची नव्हती. म्हणून लग्नानंतर आक्काचे यजमान पहिल्यांदा जेवायला आले आणि वाढलेल्या पानावर न बसता आप्पांना म्हणाले, आधी तुमचं रान बघू, तेव्हा आईने पुरणपोळीचं ताट मुकाट्याने झाकून ठेवलं. दोघे परत येईपर्यंत कटाची आमटी तापवून तापवून आटली होती. दाजींची विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती आणि हातात आमच्याच भाताची उपटलेली रोपं होती. जेवतानासुद्धा ती रोपं मांडीवर ठेवून ते आप्पांना सांगत होते, की हा बघा डोळ्यासारखा ठिपका, मध्ये राखी आणि कडेला तपकिरी, हा करपा. आज थोडा आहे, पण एखाद्या वर्षी सगळं खाऊन टाकील. आई मला चुलीपाशी हळूच म्हणाली, जावई शहाणा आहे, पण पोळी कशी झाली ते काही बोलला नाही. दाजींविषयी आमच्या घरात झालेली ही पहिली तक्रार, आणि पुढे पुष्कळ दिवस तेवढीच होती.

बहिणीच्या नवऱ्याला आम्ही दाजी म्हणतो. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना ते सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांचं काही अडणार नाही. ते सरकारी भात संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होते. एका जातीच्या भाताचे परागकण दुसऱ्या जातीच्या फुलावर टाकायचे, जे उगवेल त्यातून वर्षानुवर्षं निवडत जायचं आणि नवी जात काढायची, हे त्यांचं काम. मी तेव्हा बेळगावला कॉलेजात विज्ञान शिकत होते. ते आले की खिशातलं भिंग काढून मला भाताचं फूल दाखवत. भाताला फूल असतं हे मला, भाताच्याच घरात जन्मलेल्या मुलीला, तेव्हा कळलं. वनस्पतिशास्त्र घे म्हणून त्यांनीच सांगितलं आणि मी घेतलं. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका सल्ल्यावर उभं राहिलं, हे नाकारण्यात काही अर्थ नाही.

आमचं गाव हिंडलग्याच्या पलीकडे. वारा तिकडून असला की तिथल्या तुरुंगातला तासाचा टोल ऐकू यायचा आणि आई त्या वेळेवर भाकरीचं पीठ काढायची. आई निपाणीकडची, तंबाखूच्या रानात वाढलेली, ज्वारीची भाकरी खाणारी. तिला भातातलं काही कळत नाही असं आप्पा तिला कायम चिडवत, आणि ती म्हणे, तुमच्या भाताने पोट भरतं पण भूक जात नाही. अण्णा, माझा थोरला भाऊ, उद्यमबागेत फौंड्रीत जायचा. संध्याकाळी तो सायकल भिंतीला टेकवायचा तेव्हा त्याच्या मानेवरची काजळी साबणानेही निघत नसे. सगळ्यांत मोठी आक्का. तिचं नाव सुमन, पण घरात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. तिच्या हाताला गुण आहे असं सगळं गाव म्हणायचं. हे नुसतं कौतुक नव्हतं. आमच्या भागात बी मागायला आलेल्याला परत पाठवत नसत आणि त्याचे पैसेही घेत नसत. सुगी झाली की घेतल्या मापाला थोडं वरकड घालून भात परत यायचं, एवढाच व्यवहार. मात्र पहिलं माप घरच्या बाईने घालायचं आणि तिचा हात चांगला असला पाहिजे. आमच्याकडे ते आक्का घालायची, परकर नेसत होती तेव्हापासून. लग्न झाल्यावरही पावसाआधीची, कोरड्या मातीतली धूळवाफेची पेरणी आली की लोक आईला विचारत, सुमी कधी येणार आहे?

दुसऱ्या वर्षी दाजींनी स्वतः तयार केलेलं बी आणलं आणि आमच्या विहिरीकडच्या कडेला एक पट्टा पेरला. बाकीच्या रानात आमचं नेहमीचंच भात. आप्पांना त्यांनी आधीच बजावलं होतं, की हे करप्याला दाद देणार नाही असं मला वाटतं, पण काडी नाजूक आहे, वाऱ्यात लोळेल, आणि दाणा जरा जाड आहे, तुमच्या भातासारखा वास यायचा नाही. आप्पांना याचं फार अप्रूप वाटलं. स्वतःच्या बैलाची खोड सांगून बैल विकणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला, असं ते चावडीवर सांगत सुटले. मीही आज इतक्या वर्षांनी हे मान्य करते, की भाताविषयी तो माणूस कधी खोटं बोलला नाही.

त्या वर्षी आक्का नागपंचमीला माहेरी आली. पंचमीनंतर तिला न्यायला कुणी आलं नाही. गौरी-गणपती झाले, तरी नाही. आई दर सणाला एक पोळी जास्त लाटायची आणि सण झाल्यावर ती म्हशीला घालायची.  आक्काची ट्रंक माजघरात कोपऱ्यात होती, तिच्यावर हळूहळू घोंगडी, मग सूप, मग मिरच्यांचं पोतं असं येत गेलं आणि ती घरातलीच एक वस्तू झाली. त्याच दिवसांत करपा आला. आधी पानांवर ठिपके, मग ओंबीची मान काळी पडून मोडायला लागली. लांबून रान पिकल्यासारखं दिसायचं आणि जवळ जाऊन ओंबी दाबली तर आत काही नसायचं. कुणाचंच रान सुटलं नाही.  आमच्याही रानाची तीच गत झाली. फक्त विहिरीकडचा पट्टा हिरवा उभा होता, आणि रस्त्याने जाणारा माणूस तिथे आला की पाय थांबवायचाच.

दिवाळीच्या सुट्टीत मी आप्पांची न्याहारी घेऊन रानात गेले तर बांधावर दाजी. लोंढ्याकडून येणाऱ्या गाडीतून सकाळी उतरले होते आणि घरावरून न जाता ओढ्याच्या वाटेने परस्पर रानात आले होते. त्यांनी मला बघून अभ्यास कसा चाललाय म्हणून विचारलं, जवळ बोलावलं आणि भिंगाखाली आधी आमच्या भाताची काळी पडलेली मान दाखवली, मग पट्ट्यातल्या भाताची. त्यांची बोटं ओंबीला इतकी हलकी लागत होती की दाणा हलतही नव्हता. मला त्या दोन मानांमधला फरक लख्ख दिसला आणि मला आनंद झाला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आनंदच झाला. मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि त्याच आवाजात आप्पांना सांगितलं, "आप्पा, सुमनला न्यायला मी येणार नाही. मी तिकडे दुसरं घर मांडलंय. तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगतो."

आप्पांच्या हातात ओंबी होती, ती तशीच राहिली. दाजी पट्ट्याकडे बघत थोडं थांबले आणि म्हणाले, "हा पट्टा मात्र वेगळा कापा. तुमच्या भातात मिसळू देऊ नका."

आप्पा म्हणाले, "व्हय."

ते व्हय कशाला होतं, हे मी पुढे कधी त्यांना विचारलं नाही. दाजी ज्या वाटेने आले त्या वाटेने गेले. मला काहीही वाटत नव्हतं. डब्यातल्या खर्ड्याचं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं आणि ते पुसावं एवढंच डोक्यात होतं. आप्पांनी न्याहारी खाल्ली. भाकरीचा तुकडासुद्धा उरला नाही. मग आम्ही घरी आलो. आप्पांनी आईला परसात नेऊन सांगितलं. आई पायरीवर बसली ती तिथेच बसून राहिली, ना शिव्या, ना रडणं. आक्का पडवीत पोहे पाखडत होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार, कारण परस काही लांब नव्हतं. सुपाचा आवाज थांबला नाही. बऱ्याच वेळाने तिने मला विचारलं, "पट्टा बघितला काय त्यांनी?"

मी म्हटलं, बघितला.

"बरं हाय न्हवं भात?"

मी म्हटलं, बरं आहे. ती मान हलवून पुन्हा पाखडायला लागली. त्या दिवशी तिने त्याच पोह्यांना कांदा-मिरचीची फोडणी घातली, अण्णा फौंड्रीतून आल्यावर त्यालाही वाढले आणि तो जेवून उठेपर्यंत कुणी त्याला काही सांगितलं नाही. कळल्यावर अण्णा विळा घेऊन रानात निघाला. पट्टा कापून म्हशीपुढे टाकतो म्हणाला. आप्पा दारात आडवे उभे राहिले. ते म्हणाले, भात पिकायचं आहे, पिकल्यावर बघू. त्यांनी पट्टा वेगळा कापला, वेगळ्या खळ्यावर मळला, वेगळं उफणलं आणि लहान कणगीत भरून वर शेणाने लिंपून टाकलं. दाजींनी सांगितलेलं अक्षर न अक्षर पाळलं. वर एक स्वतःचं घातलं, की ह्या कणगीतला दाणा उंबऱ्याबाहेर जाणार नाही. खाणार नाही, विकणार नाही, कुणाला देणार नाही. उंदरांनी खाल्लं तर खाऊ दे.

लिंपण्याआधी त्यांनी मूठभर दाणे माझ्यापुढे धरले होते. "शालू, तू शास्त्र शिकतीस. सांग, ह्या दाण्यात त्याचं काय हाय?"

मी जे शिकले होते ते सांगितलं. दोन जातींचा संकर आहे, त्यातून निवडत आणलेलं आहे, करप्याला दाद न देण्याचा गुण आईबापांपैकी एकाकडून आलेला आहे. ज्याने निवडलं त्याचं दाण्यात काही उतरत नाही.

"म्हंजे भात चांगलं हाय."

"चांगलं हाय, आप्पा."

"आन् तो?"

"ते शास्त्रात येत न्हाय," मी म्हटलं.

आप्पांनी दाणे कणगीत टाकले आणि शेणात हात घातला. पुढे मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं, जन्मभर तेच केलं. दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारायचंच, की बाई, माणूस वाईट असला तर त्याचा शोध वाईट का? मी म्हणायचे, शोध तपासून बघा, खरा निघाला तर खरा. माणसाचा हिशेब वेगळ्या ठिकाणी मांडा. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन, कारण ते बरोबर आहे. फक्त हे उत्तर देताना माझ्या नाकात शेणाचा वास येतो.

उन्हाळा सरत आला आणि गावाला बियाण्याची चिंता पडली. स्वतःच्या रानात सगळा पोल, पोकळ दाणाच भरलेला, आणि बाजारात मिळत होतं ते त्याच जुन्या जातीचं, करप्याला बळी पडलेलं. पट्टा तर सगळ्यांनीच बघितला होता. एके सकाळी माणसं आणि बायका रिकामी पोती घेऊन आमच्या अंगणात येऊन बसल्या. कुणी मागितलं नाही. पोतं घेऊन बसणं हेच मागणं. आप्पा पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. बी मागणाऱ्याला परत पाठवायचं नाही हा त्यांच्या बापाच्या वेळचा नेम एकीकडे आणि स्वतःचा शब्द दुसरीकडे. ऊन अंगणात बरंच आत आलं तरी ते वळेनात. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, कारण माझ्या मते मी त्यांना उत्तर देऊन टाकलं होतं. पोरवयातलं शहाणपण, दुसरं काय.

आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने कुणाला विचारलं नाही. उलथन्याने कणगीवरचं लिंपण फोडलं, मापटं भरून घेतलं आणि अंगणात सगळ्यांत पुढे बसलेल्या शेवंताकाकूंसमोर जाऊन उभी राहिली. शेवंताकाकू आमच्या शेजारच्या. आक्का आली त्या दिवसापासून त्या रोज ताकाचं भांडं पाठवत होत्या आणि त्या गोष्टीचा एक शब्द कधी काढत नव्हत्या. आमच्या घराला जेवढी माया त्यांनी लावली तेवढी सख्ख्यांनीही लावली नाही. त्यांनी पोत्याचं तोंड मुठीत आवळून धरलं.

"सुमी, तू ऱ्हाऊ दे," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या आईच्या हातनं घालू दे. बियाचं काम हाय."

 अंगणातल्या कुणाला त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं. नवऱ्याने टाकलेल्या बाईचा हात बियाला लावत नाहीत, हे मलाही माहीत होतं, आईलाही. आई तर पदर खोचून उठायलाच लागली होती. आप्पांना दिलेला माझा शास्त्राचा तास मला तिथे पहिल्यांदा समजला. आप्पांनी मला जे विचारलं होतं ते ह्या सगळ्यांनी न शिकता कधीच सोडवून टाकलं होतं. दाजींनी काय केलं ते बाजूला ठेवून त्यांचं बी पोत्यात घ्यायला हे सगळे तयार होते. आक्काने तर काही केलंही नव्हतं, पण तिचं काहीच बाजूला ठेवायला कुणी तयार नव्हतं. मी हे तेव्हा बोलले नाही. मला बोलता आलं नसतं, आणि बोलायचा हक्क माझा नव्हता.

आक्काने मापटं खाली ठेवलं नाही. "काकू, हे बी कुणाचं हाय ठावं हाय न्हवं?"

"हाय की, बाई."

"त्यांचं बी चालतंय, आन् माझा हात चालत न्हाय?"

तिचा आवाज चढला नव्हता. मीठ संपलं आहे असं सांगावं तसं तिने ते विचारलं. शेवंताकाकू पोत्याकडे बघत बसल्या. त्यांच्या मागची बायामाणसंही आपापल्या पोत्याकडे बघत होती. तुरुंगाचा टोल पडला, आणि आईने सवयीने चुलीकडे मान वळवली. मग शेवंताकाकूंनी पोत्याचं तोंड सोडलं, दोन्ही हातांनी रुंद केलं आणि पुढे धरलं. आक्काने माप घातलं, तळव्याने सपाट करून, कुणाला कमी नाही आणि कुणाला जास्त नाही. आप्पा पडवीतून उठले. मला वाटलं, आता तिला थांबवतात. ते खाली आले आणि पुढच्या माणसाचं पोतं धरून उभे राहिले.

कणगी त्याच दिवशी रिकामी झाली. त्या हंगामात करपा आला आणि गेला, पण ते बी पडलं होतं तिथे त्याला काही मिळालं नाही. वाऱ्यात भात लोळलं, अगदी दाजी म्हणाले होते तसंच. पुढे केंद्राने त्या जातीला कसलासा नंबर दिला. आमच्या भागात तो नंबर कुणी उच्चारला नाही. आमच्या जावयाकडून आलं म्हणून गाव त्याला जावयाचं भात म्हणायला लागलं आणि खानापूर-लोंढ्यापर्यंत ते त्याच नावाने गेलं. बाजारात, गिरणीत, रस्त्यात आक्काने ते नाव किती ऐकलं असेल कोण जाणे. ती स्वतः त्याला ते भात म्हणायची. नवं खायचा दिवस आला तेव्हा तिने ते भात शिजवलं, देवाला दाखवलं, आम्हाला वाढलं आणि आईच्या माहेरून आलेल्या ज्वारीची भाकरी घेऊन स्वतः बाजूला बसली. मला भात सोसत नाही म्हणाली. बेळगावच्या मातीतली बाई भात सोसत नाही म्हणते यावर कुणी विश्वास ठेवला नाही. ती आप्पांबरोबर रान करत राहिली, आप्पांनंतर एकटी करत राहिली. तेच भात पेरलं, कारण त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं नव्हतं.

दाजी गेल्याचं मला एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर सांगितलं. गॅसवर दूध होतं, ते उतू जाण्याआधी मी बंद केलं. आक्काला सांगितलं तेव्हा तिने कुंकू पुसलं नाही. म्हणाली, "वय झालतं." नंतर बरेच दिवस मला वाटत राहिलं की आपल्याला काहीतरी वाटेल, दुःख किंवा सूड किंवा निदान सुटका. काही आलं नाही. फक्त कपाटात, वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा त्यांनी मला दिलेलं एक भिंग होतं, ते मी काढून पुसलं आणि परत ठेवलं. त्याची काच अजून चांगली आहे.

निवृत्त झाल्यापासून मी आक्काकडेच राहते. गेल्या महिन्यात शेवंताकाकूंचा नातू आला. उद्यमबागेत त्याचं स्वतःचं लेथचं वर्कशॉप आहे, गावच्या सोसायटीचा चेअरमनही तोच. बोलायला गोड मुलगा. सोसायटीच्या नव्या बियाणे गोदामात दाजींचा फोटो लावायचं ठरलं होतं. ह्या भाताने गाव उभं राहिलं, माणसाने उपकार विसरू नयेत, तो सांगत होता. पहिला पट्टा तुमच्या रानातला, तर फोटोला हार आक्का आज्जीने घालावा आणि पहिल्या पोत्यात बियाचं मापही तिच्याच हाताने पडावं, अशी सगळ्यांची इच्छा होती. मला संताप आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा काहीतरी आलं आणि ते संतापाच्या रूपाने आलं, हेही मला बरंच वाटलं. मी त्याला चार शब्द सुनावणार, तेवढ्यात परातीत पीठ मळणाऱ्या आक्काने विचारलं, "बी कुठलं घालायचं हाय?"

"तेच, आज्जी. जावयाचं. दुसरं कुठलं?"

"घालीन की," आक्का म्हणाली. "ते भात चांगलं हाय. हार मात्र तुमी घाला. तुमास्नी भात दिलं त्यांनी."

मुलाने चहाचा कप खाली ठेवला. त्याला ते समजलं असावं, कारण हाराचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. आक्काने तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याला जेवूनच जा म्हणून सांगितलं. भात झालाच होता. तिने त्याच्या ताटात वाफाळता भात वाढला, वर आमटी घातली, पुरे म्हणेपर्यंत वाढत राहिली, आणि मग स्वतःसाठी भाकरी मोडून घेऊन आमच्याजवळ बसली.